घरासाठी टीव्ही कसा पारखावा



बैल घ्यायला आपण बाजारात जातो तेव्हा काय करतो? त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. जमले तर गाडीला जुंपूनही पाहतो. अंगावर झूल आहे, शिंगे रंगवलेली आहेत, एवढ्यावर कोणी शहाणा शेतकरी पैसे मोजत नाही. पण तोच माणूस टीव्ही घ्यायला दुकानात गेला की झुलीकडेच पाहत राहतो. समोर भिंतभर पडदे लखलखत असतात, त्यांत रंगीत मासे पोहत असतात, आणि पंधरा मिनिटांत पंचवीस-तीस हजारांचा सौदा होऊन जातो.

दुसऱ्याचे कशाला सांगू? मी स्वतः तेच केले आहे. मी गंगाखेडला महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. वस्तूची किंमत आणि वस्तूचा उपयोग या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे मी दरवर्षी मुलांना फळ्यावर लिहून दाखवतो. काही वर्षांपूर्वी वेतनातील फरकाची रक्कम हाती आली आणि एका दुकानातून मी ५५ इंची सपाट पडद्याचा टीव्ही घरी आणला. पडद्यावर ठिपके ८३ लाख, असे दुकानदाराने सांगितले होते. मोठा पडदा, मोठा आकडा; आणखी काय हवे?

घरी माझी आई. वय शहात्तर, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, कानाने थोडी कमी. संध्याकाळच्या मराठी बातम्या हा तिचा नेम. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अरे, माणसं मोठी झाली, पण ओळखू येईनात. आणि बोलतात काय, तेही कळंना." एवढे बोलून ती उठली आणि आपल्या जुन्या रेडिओपाशी जाऊन बसली. माझे पैसे कुठे गेले हे मला त्या क्षणी समजले. का गेले, हे समजायला मात्र पुढे बरेच दिवस लागले. ते 'का' आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी हे यंत्र काय आहे ते पाहू. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षे आपल्या घरांतून जे पेटीसारखे संच होते, त्यांत काचेची मोठी नळी असे. नळीच्या मागच्या टोकाकडून सुटलेला विद्युत्कणांचा झोत समोरच्या काचेवर आदळे आणि काच उजळे. नळी लांब, म्हणून पेटी खोल. सपाट पडद्यात ही नळी नाही. त्यात मागे दिवे असतात आणि पुढे लाखो बारीक झडपा. या झडपा द्रवस्फटिक नावाच्या पदार्थाच्या असतात. विजेच्या इशाऱ्याने त्या कमीअधिक उघडतात, आणि त्यांतून आलेला उजेड लाल, हिरव्या व निळ्या काचांतून गाळून आपल्यापर्यंत येतो. या तीन रंगांच्या मिश्रणातून बाकीचे सगळे रंग तयार होतात.

म्हणजे ज्याला आपण 'एलईडी टीव्ही' म्हणतो, त्यात एलईडी हे फक्त मागच्या दिव्यांचे नाव आहे. 'क्यूएलईडी' म्हणतात तोही याच घरचा; दिव्यांपुढे रंग अधिक शुद्ध करणारा एक थर त्यात जास्त असतो. 'ओएलईडी' मात्र खरोखर वेगळा. त्यात मागे दिवेच नसतात, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. म्हणून त्यातला काळा रंग खरा काळा दिसतो. पण तो महाग असतो. नावे सारखी वाटली तरी माल वेगळा आहे, एवढे ध्यानात असले म्हणजे पुरे.

आता त्या ठिपक्यांकडे वळू, कारण माझी फसगत तिथेच झाली. चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. 'एचडी रेडी' पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके असतात. 'फुल एचडी'वर १९२० गुणिले १०८०, म्हणजे पावणेएकवीस लाखांच्या आसपास. 'फोर-के'वर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. हे आकडे खरे आहेत, दुकानदार खोटे बोलत नाही. पण पडद्यावर ठिपके किती, हा अर्धा प्रश्न झाला. येणाऱ्या चित्रात ठिपके किती, हा उरलेला अर्धा.

आपल्या भागात पूर्वी छपरावर काठ्या लावून टीव्ही पाहत. अंबाजोगाईच्या मनोऱ्याकडे तोंड करून त्या काठ्या फिरवायच्या आणि खालून कोणीतरी "आलं, आलं, गेलं!" असे ओरडायचे, हे पुष्कळांना आठवत असेल. जुन्या पद्धतीचे ते प्रक्षेपण आता बंद झाले आहे. त्याची जागा छत्रीने घेतली. दूरदर्शनची महिन्याचे पैसे न पडणारी 'फ्री डिश' सेवा २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली, आणि खेड्यापाड्यांतून आज तीच जास्त दिसते. सेवा चांगली आहे. पण तीवरच्या बहुतेक वाहिन्यांच्या चित्रात जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाख पंधरा हजारांच्या आत ठिपके असतात.

आता साधा भागाकार करा. फोर-के पडद्यावरचे ठिपके या चित्रातल्या ठिपक्यांच्या बरोबर वीसपट आहेत. म्हणजे येणाऱ्या एका ठिपक्याची माहिती पडद्यावरच्या वीस ठिपक्यांना वाटून द्यावी लागते. उरलेले एकोणीस कुठून भरायचे? टीव्ही आपल्या अंदाजाने भरतो. चेहरा गुळगुळीत होतो, अक्षरांच्या कडा फिसकटतात. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? पोहरा कितीही मोठा केला तरी आडातले पाणी वाढत नाही. दुकानात जे मासे पोहत होते ते खास फोर-केमध्ये टिपलेले होते. माझ्या घरच्या छत्रीतून तसे मासे कधीच येणार नव्हते.

तेव्हा दुकानात पाय टाकण्यापूर्वी पहिला प्रश्न स्वतःला विचारा: माझ्या घरी चित्र येणार कुठून? फ्री डिश असेल तर साधा पडदा पुरतो. पैसे देऊन घेतलेल्या एचडी वाहिन्या असतील तर फुल एचडीचा उपयोग होतो. घरात चांगले इंटरनेट असेल आणि त्यावरूनच जास्त पाहणार असाल, तर फोर-केचा विचार करायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न अंतराचा. इथे शिक्षक मित्रांना एक प्रयोग सुचवतो. तो वर्गात करून पाहावा, मुलांना आवडेल. पांढऱ्या कागदावर एक मिलिमीटर जाडीच्या काळ्या रेघा ओढा, दोन रेघांमध्ये एक मिलिमीटरच जागा सोडा. कागद भिंतीला लावा आणि त्याच्याकडे पाहत मागे मागे सरका. साधारण अकरा फुटांवर गेलात की चांगल्या नजरेलाही रेघा वेगळ्या दिसेनाशा होतात. नुसता करडा पट्टा दिसतो. माणसाच्या डोळ्याची ही मर्यादाच आहे.

हाच हिशेब टीव्हीला लावा. पडद्याचे इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजतात. ३२ इंची पडदा सुमारे २८ इंच रुंद असतो. त्यावर फ्री डिशचे चित्र लावले तर त्या चित्राचा एक ठिपका जवळजवळ एक मिलिमीटरचा होतो. म्हणजे अकरा फुटांवरून ते चित्र एकसंध दिसणार. तेच चित्र ४३ इंचांवर लावाल तर पंधरा फूट मागे जावे लागेल, आणि ५५ इंचांवर लावाल तर एकोणीस फूट. माझी खोली दहा बाय बारा! आईची खाट पडद्यापासून पाच फुटांवर. डोळा थोडे खपवून घेतो हे खरे. दोन-तीन फूट अलीकडे बसले म्हणून काही बिघडत नाही. पण एकोणिसाच्या जागी पाच हे कोणता डोळा खपवून घेईल?

उलट बाजूनेही पाहा. ४३ इंची फुल एचडी पडद्यावर खरोखर एचडी चित्र लावले, तर साडेपाच-सहा फुटांपलीकडून त्याचे ठिपके डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. मग आठ-नऊ फुटांवर बसणाऱ्याने त्याच आकाराच्या फोर-केसाठी जास्त पैसे का द्यावेत? जे डोळ्याला दिसत नाही त्याची किंमत खिशाला मात्र दिसते.

म्हणून दुकानात जाताना खिशात मोजपट्टी ठेवा. घरी टीव्ही कुठे ठेवणार आणि माणसे कुठे बसणार, ते अंतर आधी मोजून घ्या. एक सूचना जुना संच बदलणाऱ्यांसाठी. जुन्या २१ इंची पेटीच्या पडद्याची उंची साडेबारा इंच होती. नवा २४ इंची पडदा रुंद असला तरी उंचीला पावणेबाराच इंच भरतो. आकडा मोठा म्हणून चित्र मोठे, असे समजून घ्याल तर घरी आल्यावर माणसे पूर्वीपेक्षा बुटकी दिसतील.

तिसरी पारख प्रत्यक्ष दुकानातली. एका हंगामात आमच्या शेजारचे एक शेतकरी गृहस्थ माझ्याकडे आले. सोयाबीन विकून झाले होते, देणी वजा जाता हातात थोडे राहिले होते. म्हणाले, "सर, जुना टीव्ही बसला. तुम्ही एकदा ठेच खाल्लीय, तर चला माझ्यासंगं." आम्ही दोघे गेलो. त्या दिवशी जे केले ते क्रमाने सांगतो.

दुकानदाराला पहिल्यांदा सांगितले, तुमची फिल्म बंद करा आणि साधी फ्री डिशची बातम्यांची वाहिनी लावा. तो जरा कुरकुरला, पण लावली. मग म्हणालो, दुकानासाठी ठेवलेली चित्राची भडक मांडणी काढा आणि घरची साधी मांडणी लावा. ही सोय प्रत्येक टीव्हीत असते. भडक मांडणीत गवत पोपटी दिसते आणि माणसाचा चेहरा चुना फासल्यासारखा होतो. साधी मांडणी लावल्याबरोबर मघाचे दोन उत्तम टीव्ही मध्यम झाले आणि कोपऱ्यातला एक बराच चांगला दिसू लागला.

मग माणसाच्या कातडीचा रंग पाहिला. गवत आणि आभाळ कसेही दिसले तरी डोळा चालवून घेतो. चेहऱ्याचा रंग चुकला की लगेच कळते. नंतर बातम्यांखाली सरकणारी मराठी ओळ वाचून पाहिली. वेलांट्या, उकार, अनुस्वार स्वच्छ दिसतात की ओढल्यासारखे होतात? चेंडू, सायकल, धावणारा घोडा हे सगळे पुढे तसेच दिसणार असते. मग आम्ही दोघे पडद्याच्या अगदी कडेला जाऊन उभे राहिलो. काही पडद्यांत बाजूने पाहिले की रंग धुऊन जातात. नवरा-बायको दोघेच समोर बसणार असतील तर ठीक. पण आपल्या घरी सात-आठ माणसे ओसरीभर पसरून बसतात, तिथे बाजूने दिसणारा पडदाच हवा. शेवटी पडदा पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा करायला लावला. न विझणारा किंवा न उजळणारा एखादा ठिपका असेल तर तेव्हाच सापडतो.

चौथी पारख कानाची, आणि ती बहुतेक लोक करतच नाहीत. जुन्या खोल पेटीत आवाजाच्या कर्ण्याला जागा होती. सपाट टीव्हीत जागाच नाही. बारीक कर्णे खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज मोठा करता येतो, पण शब्द फुटत नाहीत. गाणे लावून ही परीक्षा होत नाही. बातम्या लावा, डोळे मिटा, आणि प्रत्येक शब्द कळतो का ते पाहा. घरात वडीलधारे माणूस असेल तर शक्य तो त्यालाच सोबत न्या. टीव्हीला बाहेरचा कर्णा जोडण्याची सोय आहे का, हेही विचारून घ्या.

पाचवी गोष्ट विजेची. समजा टीव्ही ५० वॅटचा आहे आणि रोज पाच तास चालतो. चार दिवसांत एक युनिट, वर्षाला सुमारे ९१ युनिटे. तोच १२० वॅटचा मोठा टीव्ही असेल तर वर्षाला सुमारे २१९ युनिटे. खोक्यावर किंवा टीव्हीवर ताऱ्यांची चिठ्ठी असते. तारे तर पाहाच, पण खाली लिहिलेला वर्षाच्या युनिटांचा आकडा अवश्य वाचा. तारे एकाच आकाराच्या दोन टीव्हींची तुलना करण्यासाठी असतात. मोठ्या टीव्हीला जास्त तारे आहेत म्हणून तो लहानापेक्षा कमी वीज खातो, असे नव्हे.

आपल्याकडे विहिरींच्या मोटारी सुरू झाल्या की विजेचा दाब उतरतो आणि बंद झाल्या की एकदम चढतो. टीव्हीच्या पाठीमागे तो किती व्होल्टवर चालतो ते लिहिलेले असते. १०० ते २४० असे लिहिले असेल तर उतरलेला दाब तो सोसतो. पण एकाएकी आलेला झटका सोसेलच असे नाही. झटका अडवणारी जोडपट्टी घ्यावी. आणि वळवाचे ढग गडगडू लागले की नुसते बटण बंद करून भागत नाही. टीव्हीची पिन काढा आणि छत्रीची वायरही काढून ठेवा. वीज बहुधा त्याच वाटेने घरात येते. ढग डोक्यावर येण्याआधीच हे उरकावे; कडकडाट सुरू झाल्यावर वायरीला हात लावू नये.

माळवदाच्या जुन्या घरांतून मातीच्या भिंतीला टीव्ही टांगू नये. खिळा धरल्यासारखा वाटतो आणि पावसाळ्यात भिंत ओलावली की सुटतो. टेबल बरे. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर पडदा यावा आणि समोर दार किंवा खिडकी नसावी. नाहीतर दिवसा चित्राऐवजी अंगणच दिसते. पडदा कोरड्या मऊ फडक्याने पुसावा. पाणी मारू नये.

आता 'स्मार्ट' टीव्हीबद्दल. त्यात टीव्हीबरोबर एक छोटा संगणक येतो. गावात इंटरनेट चांगले असेल तर उपयोगी आहे. पण पडदा आठ-दहा वर्षे टिकू शकतो आणि आतला संगणक त्याच्या कितीतरी आधी मागे पडतो. घरात इंटरनेट नसेल तर त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. पुढे गरज लागली तर जोडायची कांडी वेगळी मिळते.

किमतीच्या बाबतीत एक ध्यानात ठेवा. पूर्वी ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्यावर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्यांवरही १८ टक्केच झाला. मोठा टीव्ही स्वस्त झाला, हे खरे. पण स्वस्त झाला म्हणून तुमची खोली लांब झाली नाही.

पक्की पावती घ्या. हमी किती वर्षांची, दुरुस्तीला माणूस घरी येतो की टीव्ही परभणीला न्यावा लागतो, हे पावतीच्या वेळीच विचारा. पडदा फुटला तर तो सहसा हमीत बसत नाही, आणि नवा पडदा घालण्याचा खर्च कधी कधी नव्या टीव्हीच्या जवळ जातो. म्हणून खोके दुकानातच उघडून, टीव्ही लावून पाहून मगच गाडीत ठेवा. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

शिक्षकांसाठी दोन शब्द. शाळेसाठी टीव्ही घेताना हिशेब शेवटच्या बाकावरच्या मुलाचा धरा. वीस फुटांवरून अक्षर सुखाने वाचता यायचे तर ते निदान सव्वा ते दीड इंच उंच हवे. ४३ इंची पडदा उंचीला २१ इंच असतो. वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांना जागा सोडली, तर त्यावर सात-आठच ओळी बसतात. पुस्तकाचे अख्खे पान पडद्यावर दाखवले तर मागचा मुलगा नुसता मान हलवत बसतो. तेव्हा वर्गासाठी मोठा पडदा हा डौल नाही, गरज आहे. घरी जो पैसा वाया जातो, तोच शाळेत सार्थकी लागतो.

शेजाऱ्यांनी त्या दिवशी ३२ इंचांचा साधा टीव्ही घेतला. पैसे उरले त्यातून एक बाहेरचा कर्णा आणि झटका अडवणारी पट्टी घेतली, तरीही थोडे शिल्लक राहिले. त्यांच्या ओसरीवर दहा फुटांवरून चित्र छान दिसते.

आणि माझा ५५ इंची? तो परत करता येण्यासारखा नव्हता. भडक मांडणी काढून साधी केली. जुने चित्र रुंद ताणले जात होते, त्यामुळे माणसे मूळच्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाने जाड दिसत होती. ते बटण दुरुस्त केले. समोरच्या खिडकीला पडदा लावला, आईची खाट मागच्या भिंतीशी नऊ फुटांवर नेली आणि एक लहान कर्णा आणून तिच्या उशाशी ठेवला. चित्राचा धूसरपणा काही पूर्ण गेला नाही. आड तोच आहे ना! पण चार दिवसांनी संध्याकाळी आई बातम्यांना बसली आणि म्हणाली, "आता माणसं माणसांसारखी दिसतात बघ."

तेव्हा घ्यायला जाल तर चार गोष्टी बरोबर न्या: मोजपट्टी, घरच्या खोलीचे माप, येणाऱ्या चित्राची माहिती, आणि घरातले सर्वांत वयस्कर माणूस. एवढे सांगून आजचे बोलणे थांबवतो.